पावसाळा आला की गिटारचा नेक चिकटतो : पेपर मारण्याआधी हे तपासा

जून सरत आला की नागपुरात माझ्याकडे येणाऱ्या गिटारींची तक्रार बदलते. मे महिन्यात फिंगरबोर्ड सुकून आकसतो आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात, म्हणून लोक येतात. पाऊस लागला की ‘नेक चिकटून राहिला’ म्हणून येतात. अंगठा मागून सरकत नाही, पाचव्या फ्रेटवरून बाराव्यावर जाताना मध्येच अडकतो, कातडी ओढल्यासारखी होते. येणाऱ्याने उपायही ठरवूनच आणलेला असतो. “दादा, मागून जरासा पेपर मारून द्या न, बस.”

पेपर मारणं, म्हणजे नेकची मागची बाजू पॉलिश पेपरने घासणं, हे छोटं काम आहे आणि योग्य नेकवर ते उत्तम चालतं. पण चिकटपणाची कारणं तीन आहेत आणि पेपर त्यातल्या एकाच कारणावर लागू पडतो. उरलेल्या दोन्हींवर पेपर मारला तर थोड्याच दिवसांत तक्रार जशीच्या तशी परत येते, आणि मधल्या मध्ये फिनिशचा, म्हणजे लाकडावरच्या पॉलिशचा, एक थर गेलेला असतो. तो परत आणता येत नाही.

पहिलं कारण मळ. त्यात घाम, कातडीचं तेल, सनस्क्रीन, हँड क्रीम आणि कुणीतरी मायेने चोळलेलं तेल किंवा फर्निचरचं पॉलिश, सगळं आलं. दुसरं कारण चकाकी. फिनिश ठणठणीत असतं, पण ते गुळगुळीत ग्लॉस असतं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सुटत नाहीत, तसा घामेजलेला तळवा ग्लॉसवर सपाट बसतो आणि मध्ये हवा शिरायला जागाच उरत नाही. तिसरं कारण म्हणजे फिनिश स्वतःच मऊ पडलेलं असणं. हाताला तिन्ही जवळपास सारखीच लागतात, घोळ तिथेच होतो.

आधी कुठे चिकटतंय ते पाहा

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नेकच्या मागून अंगठा हेडस्टॉककडून (नेकच्या वरच्या टोकाकडून) बॉडीकडे सावकाश न्या आणि कुठे अडकतो ते लक्षात ठेवा. पहिल्या ते पाचव्या-सातव्या फ्रेटपर्यंत चिकटतोय आणि पुढे, जिथे हात क्वचित जातो तिथे, सुरळीत सरकतोय? मग तो मळ आहे. वापराच्या जागीच साचला आहे.

हेडस्टॉकच्या जरा खाली एक-दोन इंचांचा पट्टाच चिकटतोय, बाकी नेक चांगला आहे? गिटार ज्या स्टँडवर किंवा भिंतीवरच्या हुकवर टांगता, तिथे नेऊन ठेवून बघा. तो पट्टा स्टँडच्या रबराला नेमका जुळला तर हे तिसरं कारण आहे, आणि अशा नेकला पेपर लावू नका. याबद्दल खाली लिहिलं आहे.

सगळीकडे सारखंच चिकटतंय, अगदी पंधराव्या फ्रेटच्या मागेसुद्धा? मग एक तर चकाकी, नाही तर मऊ फिनिश. नेक बॉडीला जिथे जोडला आहे त्या टाचेजवळ, सहज न दिसणाऱ्या जागी, नख हलकेच दाबून बघा. पक्क्या फिनिशवर काही उमटत नाही. मऊ फिनिशवर नखाची बारीक कोर उमटते आणि तशीच राहते.

आणखी एक तपासणी आहे, तिला काही खर्च नाही. गिटार एसीच्या खोलीत तासभर ठेवून वाजवा. चिकटपणा तिथे जवळजवळ गेला आणि घरी परत आल्यावर पुन्हा आला, तर नेकपेक्षा हवेचा दोष जास्त. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे कूलर आहे. नवतप्यात बाहेर पारा ४५च्या वर आणि हवा कोरडीठाक, पण आत ओल्या ताट्यांमधून येणारी हवा दमट. खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर ही दमट हवा खोलीतच कोंडते. भिंत घामेजते, पुस्तकं लिबलिबीत होतात आणि नेक चिकटतो. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. पाऊस सुरू झाल्यावर कूलरमध्ये पाणी न भरता नुसता पंखा चालवा. रियाजाच्या खोलीत एवढ्याने फरक पडला नाही, तरच पुढचं वाचा.

मळ काढायचा तर दोन वेळा पुसावं लागतं

बरेच जण ओल्या फडक्याने पुसतात आणि ‘पुसलं तरी चिकटतं’ म्हणतात. मळ दोन प्रकारचा असतो. घामातलं मीठ पाण्यात विरघळतं, पण तेल आणि क्रीम पाण्यात विरघळत नाही. म्हणून दोन टप्पे.

भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब वाटीभर कोमट पाण्यात टाका. जुन्या सुती बनियनचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळा, पाणी गळता कामा नये, आणि नेकची मागची बाजू पुसा. लगेच साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. रोझवूडच्या फिंगरबोर्डवर सहसा फिनिश नसतं, तो भाग या पाण्यापासून लांब ठेवा.

नेक सुकल्यावर नॅफ्था. आपल्याकडे तो सहज मिळतो वातीच्या लायटरमध्ये भरायच्या फ्लुइडच्या रूपात. गॅसच्या लायटरचा सिलिंडर वेगळा, तो नको. फडक्यावर थोडा घ्या, नेकवर ओतू नका. पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर (या दोन्हींना ‘पॉली’ म्हणतात), नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर), कुठल्याही फिनिशला तो सहसा त्रास देत नाही आणि काही क्षणांत उडून जातो. पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइनही चालतं, फक्त ते हळू उडतं आणि मागे किंचित तेलकटपणा ठेवतं, म्हणून नंतर कोरड्या फडक्याने नीट पुसावं लागतं. दोन्ही पेट घेतात. गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, चालू कूलरची मोटर यांच्यापासून लांब, खिडकीपाशी बसून करा.

पेंटर वापरतात ते एनसी थिनर मात्र आणू नका. नायट्रो फिनिशवर ते पडलं तर फिनिश तिथेच वितळतं. स्पिरिट आणि सॅनिटायझरचंही तेच. हात सॅनिटायझरने ओले असताना नायट्रोचा नेक धरला तरी डाग पडू शकतो.

फडक्याकडे बघत राहा. मळकट नेकवर पहिला पुसा पिवळट-तपकिरी निघतो, फडक्याची घडी बदलत गेलं की दरवेळी फिका होतो. पांढरं फडकं पांढरंच राहिलं की थांबायचं. मानेवाड्याचा एक कॉलेजचा मुलगा गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची गिटार घेऊन आला होता. पेपर मारूनच द्या, असा आग्रह. नॅफ्थाच्या पहिल्याच पुशाला खोबरेल तेलाचा वास आला. नेक ‘स्मूथ’ व्हावा म्हणून तो दर आठवड्याला खोबरेल चोळत होता. खोबरेल कधीच सुकत नाही, ते फक्त धूळ धरतं. थंडीत ते थिजतं, म्हणून त्याला डिसेंबरात नेक बरा वाटायचा आणि मार्चमध्ये पुन्हा चिकट. दोनदा पुसल्यावर खाली फॅक्टरीचं साटिन (मंद चकाकीचं) फिनिश जसंच्या तसं निघालं. त्या नेकला पेपर लागलाच नाही.

फिनिश कुठलं आहे

पेपर मारायचाच असेल तर हे आधी ठरवावं लागतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फेंडरसह बऱ्याच कंपन्या नायट्रोसेल्युलोज लॅकर सोडून पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनकडे वळल्या. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रिक गिटारी पॉलीच्या आहेत. अमेरिकेत बनणाऱ्या गिब्सन अजून नायट्रोच्या असतात, तशाच काही महागड्या जुन्या धाटणीच्या फेंडर. मॉडेलचं नाव शोधलं की कंपनीच्या माहितीत फिनिश लिहिलेलं असतं. तो सोपा मार्ग.

तरी कळलं नाही तर एक ट्यूनर (तार ताणायची खुंटी) खोलून त्याच्या पत्र्याखाली झाकलेल्या जागी, कानाच्या काडीच्या टोकाला शुद्ध असिटोन लावून हलकेच टेकवा. नायट्रो काही सेकंदांत चिकट होतं आणि काडीला लागतं. पॉली तेवढ्यात ढिम्म राहतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बऱ्याचदा तेल आणि रंग मिसळलेले असतात.

नेकला जुन्या गिटारीसारखा मधाळ पिवळा रंग असेल तर तो रंग बहुधा लाकडाचा नसून फिनिशच्या थरात मिसळलेला असतो. तो घासला तर मधोमध फिकट चट्टा पडतो. असा नेक, जुनी मौल्यवान गिटार, किंवा वॉरंटीत असलेली गिटार, या तिघींना माझा सल्ला घासू नका असाच आहे.

आता पेपर

पॉलीचा ग्लॉस नेक, मळ पूर्ण निघालेला, नख उमटत नाही, तरी चिकटतो. इथे पेपर खरंच काम करतो आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

लोक इथे सगळ्यात बारीक पेपर मागतात. इतवारीतल्या हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या रंगाचं सामान विकणाऱ्या दुकानात वॉटर पेपर मागितला की दुकानदारही विचारतो, “दोन हजार देऊ का, एकदम चिकना होईल.” चिकना होईल हे खरं, आणि तेच नको आहे. २००० नंबरने फिनिश परत चकाकीकडे जातं आणि थोड्याच दिवसांत तळवा पुन्हा बसतो. हाताखाली सरकणारा नेक हवा असेल तर बारीक पण जाणवणारा खरखरीतपणा लागतो, म्हणजे ८०० ते १००० नंबर. मी १०००ने सुरुवात करतो. पुरला नाही तरच ८००. त्याहून जाड पेपर पॉलीवर दिसतील असे ओरखडे काढतो.

पेपरपेक्षा मला करड्या रंगाचं स्कॉच-ब्राइट पॅड जास्त आवडतं. ते नेकच्या गोलाईवर आपोआप बसतं, कडा निघत नाहीत, एका जागी खड्डा पडत नाही. गाड्या रंगवणाऱ्यांच्या सामानात ते मिळतं. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी त्याच घराण्यातली असली तरी तिचे ओरखडे खोल आणि असमान येतात, ती नको. चार शून्यांचं स्टील वूलही चांगलं काम करतं, पण त्याचे बारीक लोखंडी तंतू पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि निघता निघत नाहीत. वापरलंच तर पिकअप मास्किंग टेपने पूर्ण झाका, किंवा बोल्टने जोडलेला नेक असेल तर तो सरळ सुटा करून दुसऱ्या खोलीत घासा.

तारा ढिल्या करून काढा. ट्रेमोलो (सूर हलवायचा दांडा) असलेल्या गिटारीत ब्रिजखाली लाकडाचा ठोकळा किंवा घडी केलेलं फडकं ठेवा. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडा, हेडस्टॉकची सुरुवात आणि टाचेजवळची बॉडी मास्किंग टेपने झाका. पार्सलचा ब्राऊन टेप लावू नका, आपल्या उन्हाळ्यात त्याचा डिंक पाघळून फिनिशवर राहतो. मास्किंग टेपही काम झालं की त्याच दिवशी काढा.

घासायचं ते लांबीच्या दिशेने, नटकडून (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीकडून) टाचेकडे, लांब आणि सलग हात मारत. आडवं नाही, गोल नाही. पॅड तळव्यात धरून नेकभोवती गुंडाळा आणि हाताच्या वजनाइतकाच दाब द्या. वॉटर पेपर असेल तर पाण्यात बुडवून झटका, ओथंबलेला नको. स्क्रूच्या भोकात पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि फिनिश तिथे उचलतं. पाच-सहा हात झाले की पुसून बघा. नाकाला मास्क लावा, निघणारी पांढरी भुकटी फार बारीक असते.

टॉर्च नेकला समांतर, अगदी आडवा धरा. जिथे पॅड लागलं तिथे मंद, दुधाळ दिसतं. जिथे नाही तिथे काचेसारखे चमकणारे ठिपके उरतात. ते ठिपके म्हणजे फिनिशमधल्या सखल जागा, आणि त्यांच्या मागे लागायचं नाही. ठिपका घालवण्यासाठी एकाच जागी घासलं की आजूबाजूचा उंच भाग लाकडापर्यंत जातो. बहुतांश नेक मंद झाला की हाताला फरक कळतोच, उरलेल्या चार चमकांनी काही बिघडत नाही.

नेकच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे फिंगरबोर्ड जिथे मागच्या गोलाईला मिळतो तिथे, थर सगळ्यात आधी संपतो. तिथे दाब निम्मा ठेवा. भुकटी पांढरी आहे तोवर फिनिश निघतंय. ती पिवळट किंवा तपकिरी झाली, किंवा पाणी लागल्यावर एखादा भाग गडद दिसायला लागला, तर खाली लाकूड आलं. तिथेच थांबा. उघडं मेपल हाताच्या घामाने काही महिन्यांत करडं पडतं आणि पावसाळ्यात ओलावा ओढतं.

घासून झाल्यावर वर सांगितलेले दोन्ही पुसे द्या आणि नेक तसाच वाजवा. वर काही लावू नका. सिलिकॉनचं पॉलिश तर अजिबात नाही, ते ओरखड्यांत भरून नेक पुन्हा सपाट करतं आणि पुढे कधी फिनिश करायची वेळ आली तर नवा थर तिथे धरत नाही. टाल्कम पावडरही नको. पहिल्या गाण्याला छान वाटतं, तिसऱ्या गाण्यापर्यंत घामाबरोबर तिचा लगदा होतो आणि तो फ्रेटच्या कडांना बसतो.

रोज वाजवणाऱ्याच्या हाताने हा नेक काही महिन्यांत घासून पुन्हा चमकायला लागतो, विशेषतः पहिल्या पाच फ्रेटच्या मागे. तेव्हा पूर्ण काम परत करायची गरज नसते, त्याच पॅडचे चार-सहा हलके हात पुरतात. दर वेळी थोडा थर जातोच, म्हणून आधी पुसून बघा. निम्म्या वेळा तो मळच निघतो.

फिनिश मऊ पडलं असेल तर

नायट्रो फिनिश रबर आणि पीव्हीसीजवळ राहिलं की त्या रबरातली मऊपणा आणणारी द्रव्यं फिनिशमध्ये उतरतात. स्टँडची काळी नळी, स्वस्त गिग बॅगचं रेक्झिनचं अस्तर, नेकवर महिनोन्‌महिने लावून ठेवलेला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सगळ्यांनी हे होतं. उन्हाने प्रकरण वाढतं. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत गिग बॅगसकट ठेवलेल्या नायट्रोच्या गिटारीवर अस्तराची जाळी छापली गेलेली मी पाहिली आहे, अगदी शिवणीच्या टाक्यांसकट. हा भाग घासला तर पेपर काही क्षणांत भरून जातो, गोळे होतात, आणि खालचा थरही तितकाच मऊ असतो. आधी रबर दूर करा, स्टँडच्या नळीवर सुती कापड गुंडाळा आणि नेक हवेशीर, सावलीत काही आठवडे ठेवा. पुष्कळदा बराच सुधारतो. नाही सुधारला तर तेवढा थर काढून नवा देणं हाच उपाय, आणि ते काम नायट्रो हाताळणाऱ्याकडेच द्या.

सुताराकडून पॉलिश करून घेतलेले नेक याच सदरात येतात. त्यांचं पीयू किंवा मेलामाइन पॉलिश दोन डब्यांचं असतं, हार्डनरचं प्रमाण चुकलं तर ते कधीच पूर्ण वाळत नाही. महिनाभर थांबूनही नख उमटत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, ते काढायलाच हवं. लाख पॉलिश नेकवर मागूच नका. दरवाजावर ते सुंदर दिसतं, पण ऊब आणि घाम यांच्यापुढे ते हाताखाली टिकत नाही.

थर काढून उघड्या मेपलवर तेल द्यायचं ठरलं तर हाताला अतिशय सुखाचा नेक होतो, मला स्वतःला तोच सगळ्यात आवडतो. तेल मात्र सुकणारं हवं. जवस आपल्या विदर्भातलंच पीक, म्हणून काही जण घाणीवरचं कच्चं जवस तेल आणून लावतात. ते सुकतं, पण इतकं सावकाश की जाड लावलं तर आठवडेच्या आठवडे चिकटच राहतं, म्हणजे मूळ तक्रार तशीच. पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मागा, किंवा बंदुकीच्या दस्त्यांसाठी बनणारं ट्रू-ऑइल मागवा. ४०० नंबरने गुळगुळीत केलेल्या कोरड्या लाकडावर बोटाच्या टोकाइतकं तेल चोळा, दहा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका, आणि दुसरा हात एक-दोन दिवसांनी, पहिला पूर्ण सुकल्यावरच. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. दमट हवेत तेल रेंगाळतं, आणि नायट्रो मारलं तर त्यात ओल अडकून ते पांढुरकं पडतं. दिवाळी उलटल्यावर नोव्हेंबरात हवा कोरडी असते आणि ऊनही बेताचं असतं, आपल्याकडे फिनिशच्या कामाला तो महिना सगळ्यात चांगला.

तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. गोळा केलेल्या फडक्यात ही उष्णता कोंडून ते आपोआप पेटू शकतं. फडकी दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत बाहेर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, मगच फेका.